कॅल्शियमच्या गोळीने स्तनाचा कर्करोग टळत नाही

‘कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व घेतले की स्तनाच्या कर्करोगाची भीती नाही’, हा समज महिलांनी कृपया सोडावा. अमेरिकेत रजोनिवृत्ती झालेल्या ३६,२८२ महिलांवर सरासरी सात वर्षे चाचणी झाली. निम्म्या जणींना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० युनिट ‘ड’, बाकीच्यांना औषध नसलेली तशीच गोळी. कर्करोग झाला अनुक्रमे ५२८ आणि ५४६ जणींना. म्हणजे फरक नाहीच! हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बंद करू नका. ६०,००० युनिटची ‘ड’ची पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती रोज दुधात ढवळून घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडे बिघडतात. केमोथेरपी चालू असेल तर साधी मल्टिव्हिटॅमिनही आधी डॉक्टरांना दाखवावी.