नंदीची शिंगं चमकली रे!

प्रिय पक्या,

काल रात्री अकराला तुला फोन लावला, तू उचलला नाही, म्हणून आता लिहूनच काढतो. भाच्याच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची शिंगं अंधारात चमकतात बे! पोट्टं नंदी घेऊन चादरीत शिरलं ते बाहेरच येईना.

गल्लीत जो तो विचारते, "रेडियम लावलं का?" आपण नंबरप्लेटच्या पट्टीलाही रेडियमच म्हणतो ना. खरं रेडियम भयंकर रे, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळाच्या डायलवर तो रंग द्यायच्या पोरी ब्रशला ओठांनी टोक काढायच्या, त्यांचे जबडे सडले, कित्येक जणी गेल्या. हे वाचून मी दोन दिवस माझ्या चमकणाऱ्या पावडरच्या डबीला हात नाही लावला. माझी पावडर स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची, त्यात किंचित युरोपियम आणि डिस्प्रोशियम हे धातू, किरणोत्सर्ग वगैरे काही नाही, उजेड पिते आणि हळूहळू सोडते. 1993 मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीनं काढली. आपण लहानपणी छताला चिकटवायचो ते तारे जुन्या झिंक सल्फाइडचे असायचे, झोप लागायच्या आत विझायचे, आठवते? ही पहाटेपर्यंत मंद का होईना दिसते.

पण शिंगं तीनदा ओतली, रेझीनमध्ये, म्हणजे हार्डनर टाकला की घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, पावडर मिसळून. पहिल्यांदा स्टीलच्या चमच्यानं ढवळलं, ही पावडर इतकी कडक की तिनं चमचाच घासून काढला आणि सगळं रेझीन राखाडी झालं. मग आईसक्रीमची काडी घेतली, तर पावडर जड, सगळी खाली बसली. साच्यात शिंग उलटं असते ना, म्हणून टोक लख्ख आणि बूड कोरडं! तिसऱ्यांदा 100 ग्रॅम रेझीनला 30 ग्रॅम पावडर घातली, हार्डनर टाकून थांबलो, मधासारखं घट्ट व्हायला लागलं तेव्हा पुन्हा ढवळून ओतलं. इथल्या उकाड्यात ती वेळ पटकन येते, नजर हटवायची नाही. आणि मास्क लावायचाच, धूळ छातीत जायला नको.

झुलीला ह्याच पावडरचा रंग दिला त्याआधी खाली पांढरा हात मारला, हे सगळ्यात महत्त्वाचं. उघड्या सागवानावर दिला तर लाकूडच उजेड खाऊन टाकते, पांढऱ्यावर तोच रंग दुप्पट वाटतो. पाण्याच्या रंगात मिसळायची असेल तर कोटिंगवाली पावडरच घ्यावी लागते, साधी पाण्यानं खराब होते, माझी एक वाटी दगड झाली.

उरलेला रंग स्विचबोर्डाच्या कडेला आणि मोरीच्या पायरीला लावला. परवा दोनला लाइट गेली तर आई एकटी उठली, भिंत न चाचपता गेली आणि परत आली, मला हाकही नाही मारली. सकाळी म्हणे, "तुळशीच्या कट्ट्यालाही लाव."

तुझ्या पोरीसाठीही नंदी करतो, पोळ्याला तिला घेऊन ये. हिरवा की निळसर ते कळव. लाल सांगू नको, तो फार टिकत नाही.

तुझा,
बंड्या