किल्ला शेवटच्या दिवशी ठेवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की मालवणच्या बंदरजेटीवर एक प्रश्न रोज कानावर पडतो. ‘किल्ला बघून दुपारी परत आलो, रात्रीच्या गाडीने निघालो, तर उद्या सकाळचे मुंबईचे विमान मिळेल ना?’ बंदरावरचे उत्तरही ठरलेले आहे. ‘गावतलां, पण नाय गावलां तर?’ विचारणारा हसून होडीत बसतो. दिल्ली, बंगळूर, दुबई, लंडन इथून येणाऱ्या पाहुण्यांना हा बेत आखून देणारे बहुतेकदा त्यांचे इथलेच नातेवाईक असतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झाले. जेटीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचता येते, आणि लोक हिशेबात तेवढीच मिनिटे धरतात. पण किल्ल्याभोवती खडक आहेत आणि होडीची वाट अरुंद. मोठ्या ओहोटीला होड्या जपून, एकेक करून लावाव्या लागतात. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘काल अकराला सहज उतरलो’ हा अनुभव आज कामाचा नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याची चढउतार आणखी मोठी असते. त्यातच बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला तर फेऱ्या बंद, मग तिकीट हातात असो वा नसो. डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी समुद्र शांत असला तरी जेटीवरची रांगच तासभर खाते. आणि मेअखेरीस बंद झालेली होडी सप्टेंबर उजाडल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून किल्ला आल्याच्या पहिल्या सकाळी पाहावा. हुकला तर दुसरी सकाळ हाताशी राहते. शेवटच्या दिवसासाठी दांडीचा किनारा आणि बाजारपेठ आहेतच.

मालवणात रेल्वे नाही. चौके-धामापूरवरून कुडाळ सुमारे ३० किलोमीटर, आणि कट्टा-कसालवरून कणकवली पंचेचाळीसच्या आसपास. रस्ता वळणांचा, त्यामुळे कुडाळला तास आणि कणकवलीला सव्वा ते दीड तास धरावा. पाहुणे चुकतात ते इथेच. ‘वंदे भारत’ला सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकच थांबा आहे, तो कणकवलीला. कुडाळच्या फलाटावर उभे राहून तिची वाट पाहणारी कुटुंबे दरवर्षी दिसतात, आणि तेव्हा हातात अर्धा तास असला तरी कणकवली गाठता येत नाही. रात्रीच्या गाड्यांसाठी रिक्षा दुपारीच ठरवून ठेवावी, कारण अंधार पडल्यावर मालवण स्टँडवर स्टेशनसाठी वाहन मिळेलच असे नाही.

गाडी निवडताना लोक फक्त वेळ बघतात. ती कुठून सुटते, हेही बघायला हवे. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत या गाड्या मडगावहून येतात, म्हणजे पेडण्याच्या बोगद्यातून. जुलै २०२४ मध्ये त्या बोगद्यात पाणी शिरले तेव्हा दक्षिणेकडून येणारी वाहतूक थांबली. तुतारी सावंतवाडीहून सुटते. तिचा मार्ग त्या बोगद्याच्या अलीकडून सुरू होतो, म्हणून पावसाळ्यात आमचा कल तिच्याकडे. अर्थात त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली, तेव्हा तुतारीचीही सुटका नव्हती. पावसाळी वेळापत्रक लागले की गाड्यांचा वेग उतरतो आणि सुटण्याच्या वेळाही बदलतात. वंदे भारत तर आठवड्यातून तीनच दिवस धावते. मे महिन्यात काढून ठेवलेला वेळांचा कागद जुलैत वापरू नये.

उशिराचे कारणही समजून घेतलेले बरे. रोहा ते वीर एवढा भाग सोडला तर मुंबईच्या वाटेवर कोकण रेल्वे आजही एकेरी आहे. समोरची गाडी येईपर्यंत आपल्या गाडीला स्टेशनात बाजूला थांबावे लागते. एकदा वीस मिनिटे चुकली की पुढची क्रॉसिंगही बदलतात आणि त्या विसाचा तास होतो. खरी अडचण पनवेलनंतर सुरू होते. कोकणकन्या पहाटे वेळेवर आली तर ठाणे-दादर मोकळे मिळते. दोन तास उशिरा आली की ती लोकलच्या सकाळच्या गर्दीत सापडते. पुढे तिला लोकलच्या अधूनमधून वाट काढावी लागते, आणि तिथे आणखी वेळ जातो. रविवारी मेगाब्लॉक असला तर त्याचाही हिशेब वेगळा.

तिकिटाबद्दल थोडक्यात. आगाऊ आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडते. कुडाळपासून प्रतीक्षा यादी दिसत असेल तर मडगावपासूनचे तिकीट काढून ‘बोर्डिंग’ कुडाळ लिहावे. थोडे पैसे जास्त पडतात, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते. तत्काळ आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलितसाठी सकाळी १० आणि शयनयानासाठी ११ वाजता. हा आदला दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. केरळातून येणारी गाडी आपल्याकडे दुसऱ्या तारखेला पोचते, म्हणून तिचे तत्काळ आपल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी उघडून संपलेलेही असते. ऑनलाइन काढलेले प्रतीक्षेतले तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होते. तेव्हा धावपळ नको, म्हणून खासगी स्लीपर बसची जागा आधीच बघून ठेवावी. बस कळंबोली, वाशी, सायनला सोडते. मात्र माणगाव-इंदापूरच्या कोंडीत ती किती अडकेल हे मे महिन्यात आणि गणपतीत कोणीच सांगू शकत नाही. गणपतीत आम्ही बसचा पर्याय धरतच नाही.

आता मुंबई. इथला पहिला प्रश्न, कोणता विमानतळ? २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही प्रवासी विमाने उडू लागली आहेत. विमानाच्या तिकिटावर ‘बीओएम’ (जुना) लिहिले आहे की ‘एनएमआय’ (नवी मुंबई), ते बॅगा भरण्याआधी वाचावे. नवी मुंबई असेल तर पनवेलला उतरायचे, विमानतळ तिथून जवळ आहे. तिथे न उतरता दादरला गेलात तर तेवढेच अंतर उलट यावे लागते. जुना विमानतळ असेल तर टर्मिनल १ की २ हे पाहा. पहिले सांताक्रूझ-पार्ल्याकडे, दुसरे सहारला, आणि दोन्हींची दारे वेगवेगळ्या रस्त्यांवर. ठाण्याला उतरून टॅक्सीने टर्मिनल २ पहाटे पाऊण तासात येते, नऊ वाजता मात्र दुप्पट वेळ लागतो. गर्दीच्या वेळी सीएसएमटीपर्यंत जाऊन भुयारी मेट्रो ३ घेणे आम्हाला अधिक भरवशाचे वाटते. तिची स्थानके दोन्ही टर्मिनलांना आहेत आणि ती रस्त्याच्या कोंडीत अडकत नाही. पहिली मेट्रो सहाच्या सुमारास सुटते. पहाटे पाचला दादरला उतरून ती शोधण्यात अर्थ नाही.

म्हणून हिशेब विमानाकडून मागे मांडावा. देशांतर्गत उड्डाणाला दोन तास आणि परदेशीला तीन तास आधी दारात, त्याआधी मुंबईतला प्रवास दीड तास, त्याआधी गाडीचा उशीर तीन तास. म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला पोचणाऱ्या गाडीवर दुपारी बाराच्या आतले देशांतर्गत विमान घेऊ नये. परदेशी उड्डाण मध्यरात्रीनंतरचे असेल तर संध्याकाळी उशिरा पोचणारी दिवसाची गाडी कागदावर अगदी जुळते, पण तीन तास उशीर झाला की काउंटर बंद झालेला असतो. रेल्वे आणि विमान ही दोन स्वतंत्र तिकिटे आहेत. गाडी उशिरा आली म्हणून विमान कंपनी पैसे परत द्यायला बांधील नाही. परदेशी जाणाऱ्यांनी आदल्या सकाळीच मुंबई गाठावी, आणि पावसाळ्यात एक रात्र ठाण्यात किंवा पनवेलला काढावी. लॉजचे भाडे नव्या विमान तिकिटापेक्षा कमीच असते.

सामानाचीही एक गोष्ट, कारण कोकणातून कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. सुके खोबरे विमानात चालत नाही. त्यात तेल असते आणि ते पेट घेऊ शकते, म्हणून तपासणीत काढून ठेवतात. आजीने दिलेली वाटी तिथेच राहते. कोकम आगळाची बाटली केबिनमध्ये नेऊ नये, मोठ्या बॅगेत दोन पिशव्या घालून ठेवावी. पॉवर बँक याच्या उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी. सुकी मासळी हवाबंद नसेल तर काउंटरवर वाद होतो, आणि तो वाद प्रवासी जिंकत नाही. परदेशात फळांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. हापूसची पेटी बांधण्याआधी ते पाहून घ्यावेत.

‘मग आपल्या जिल्ह्यातल्या चिपी विमानतळाहूनच का उडू नये?’ असे कोणी विचारेल. चिपीच्या फेऱ्या सुरू होतात, बंद होतात, त्यांच्यावर परतीचे विमान बांधणे धाडसाचे आहे. गोव्याचा मोपा विमानतळ मात्र मालवणहून रस्त्याने दोनेक तासांवर आहे. तुमच्या गावाला तिथून थेट विमान असेल तर मुंबईचा हा सगळा खटाटोप वाचतो. तिकीट हजार-दोन हजारांनी महाग असले तरी आमचे मत मोप्याच्या बाजूने.

आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांना दोन विनंत्या. बंदरजेटीवर त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि बावट्याची स्थिती सकाळी सातपूर्वी फळ्यावर मराठी व हिंदीत लिहावी. आणि कोकणकन्या व तुतारी या दोन्ही गाड्यांना धरून मालवण-कुडाळ अशी एक एसटी रोज सुटावी, पावसाळी वेळा बदलल्या की तिचीही वेळ बदलावी. पहिल्या विनंतीला खडू आणि एक फळा पुरेल.

आपले,
बंदरावरील काही वाचक, मालवण