साहेब, पाणी चढायच्या आत दोन नारिंगी पट्ट्या द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

सविनय नमस्कार. पुरात छतावर अडकलेल्यांना मदतीची खूण करता यावी म्हणून पूरपट्ट्यातल्या घरांना कापडाच्या दोन नारिंगी पट्ट्या द्याव्यात, ही विनंती.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखलीला मामांच्या घराच्या स्लॅबवर आम्ही नऊ माणसांनी दोन रात्री काढल्या. खालचा मजला पाण्यात होता, जनावरांची दावी आदल्या दिवशीच कापली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मामांच्या छातीत दुखायला लागलं. दिवस मावळताना लांबवर बोट दिसली. मामीनं लालभडक साडी कठड्यावरून खाली सोडली आणि आम्ही सगळे हात हलवत ओरडत राहिलो. बोट जवळ आली, वळली आणि पलीकडच्या गल्लीतली धडधाकट माणसं घेऊन निघून गेली. आमच्याकडं ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मामा वाचले. पण बोटीचा आवाज लांब जाताना मामीनं तोंडावर पदर घेतला होता, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बोटीवरच्या पोरांना मी दोष देत नाही. जिवावर उदार होऊन ती पोरं तीन दिवस पाण्यात होती. सकाळी त्यातलाच एक म्हणाला, "गुरुजी, लाल साडी दिसलीच नाही ओ. काहीतरी काळं लोंबतंय एवढंच दिसलं. आणि हात तर सगळ्याच गच्च्यांवरनं हलत होते."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग लवकर काळपट दिसायला लागतो, हे दरवर्षी वर्गात सांगतो. त्या संध्याकाळी स्लॅबवर मला ते सुचलं नाही. जीव टांगणीला लागलेला असताना कुणालाच सुचणार नाही, म्हणून छतावरून खूण कशी करायची ते आधी ठरलेलं असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पातळी किती, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले, हे आम्हाला मोबाईलवर कळत असतं. पण वीज गेली, फोनची बॅटरी संपली की कुठल्या छतावर कोण अडकलंय हे बोटीला कळायला काहीच उरत नाही. मग टॉवेल, चादरी, ताडपत्र्या, जे हाताला लागेल ते माणसं हलवतात. वरून बघणाऱ्याला गढूळ पाणी, हिरवा ऊस, करडे पत्रे आणि घराघरावर निळी ताडपत्री. त्यात कोण पाणी मागतंय आणि कुणाचा श्वास अडकलाय, हे त्यानं कसं ओळखायचं?

जगभरच्या हवाई शोध-बचाव पथकांना जमिनीवरच्या काही खुणा ठाऊक असतात. इंग्रजी 'व्ही' म्हणजे मदत हवी, 'एक्स' म्हणजे वैद्यकीय मदत हवी. अक्षर कमीत कमी अडीच मीटरचं असावं लागतं. आता बघा, अडीच-अडीच मीटरच्या दोनच पट्ट्या पुरतात. खालची टोकं जुळवली की व्ही, एकमेकींवर आडव्या टाकल्या की एक्स. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही हे एकदा दाखवलं की जमतं, मी करून पाहिलंय. पट्टीच्या दोन्ही टोकांना विटेचं वजन मात्र हवं. हेलिकॉप्टर खाली आलं की पंख्याच्या वाऱ्यानं सुटं कापड उडतं आणि पंख्यात गेलं तर सगळ्यांच्याच जिवावर बेततं. ताडपत्री हलवून हेलिकॉप्टर बोलावणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

पट्ट्या नारिंगी हव्यात, चमकदार. त्यांच्या कडेला लाइफ जॅकेटवर असते तसली प्रकाश परतवणारी टेप शिवलेली हवी. बोटीवरच्या बॅटरीचा झोत पडला की ती लखकन उठते. तिला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही. तीच टेप गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीला गुंडाळून शेजारी घराचा नंबर पांढऱ्या रंगात मोठा लिहिला, तर रात्रीसुद्धा बोटीला घर सापडेल. सोबत एक शिट्टी आणि लुकलुकणारा छोटा दिवा. एकसारख्या जळणाऱ्या दिव्यापेक्षा लुकलुकणारा लवकर नजरेत भरतो. आरशाची तिरीप उन्हात काही किलोमीटर जाते म्हणतात ते खरं, पण ऑगस्टात आमच्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. आगीचे आणि धुराचे सिग्नल बोटीवरच्या प्रशिक्षित माणसांकडंच राहू द्या. माळ्यावर कडबा आणि जिन्यात गॅसची टाकी असलेल्या घरात ते देऊ नयेत.

खर्चाचा प्रश्न येईल. कापड इचलकरंजीत विणलं जातं, शिलाई गावातले बचत गट करतील. पूरपट्ट्यातल्या चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातल्या गावांपर्यंत रेशन दुकानातून वाटप होऊ शकतं.

नुसतं वाटून मात्र भागणार नाही. १ मे च्या ग्रामसभेत या खुणा प्रत्यक्ष छतावर टाकून दाखवाव्या लागतील. आजारी माणूस, बाळंतीण, लहान बाळ असेल तरच एक्स, हे गावानं ठरवून पाळावं लागेल. सगळ्यांनीच एक्स टाकला तर पुन्हा सगळ्या गच्च्या सारख्याच. घर रिकामं करताना पट्ट्या गुंडाळून सोबत न्यायच्या, म्हणजे बोटीचा हेलपाटा वाचेल. बोट आमच्या घरी आली त्या सकाळी ती आधी दोन रिकाम्या घरांना वळसा घालून आली होती. आणि या खुणांचा अर्थ गावाइतकाच एनडीआरएफला, व्हाइट आर्मीसारख्या स्थानिक पथकांना आणि गूळ करायच्या काहिलीतून, म्हणजे मोठ्या कढईतून, माणसं काढणाऱ्या आमच्या पोरांनाही माहीत हवा. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात त्या एका पानावर चित्रासह याव्यात, एवढी विनंती आहे.

पावसाळ्याआधी एका संध्याकाळी आपण पंचगंगा घाटावर यावं. मी त्या अडीच मीटरच्या पट्ट्या आणि मामीची ती लाल साडी पलीकडच्या काठावर टाकून ठेवतो. दिवस मावळल्यावर बोटीतून आपण स्वतः बघा, कुठलं काय दिसतं ते.

आपला नम्र,
पूरपट्ट्यातला एक शिक्षक