आखाजीच्या आधी

अमळनेर,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय भास्कर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दारू आणि जागरणाच्या गोळ्या आखाजीपासून एकाच दिवशी सोडण्याची शपथ तू मनुदेवीसमोर घेतलीस, हे वाचून फार आनंद झाला. पण सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय चहाचा कप हातात ठरत नाही, असेही त्याच पत्रात तू सहज लिहून गेला आहेस आणि माझ्यातला डॉक्टर त्या एका वाक्याशी अडला. गोळ्या आजच बंद कर. दारू मात्र घरच्या घरी, कोणाला न सांगता, एकदम तोडू नकोस.

दारू सोडू नको म्हणणारा डॉक्टर पाहून वहिनी रागावतील, म्हणून कारण सविस्तर लिहितो. मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींना शांत करते आणि ग्लुटामेट त्यांना चेतवते. दारू गाबाचा जोर वाढवते व ग्लुटामेटला दाबते. जीभ सैल होणे, तोल जाणे, झोप येणे हे सारे त्यातूनच होते. हे वर्षानुवर्षे रोज घडले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो, गाबाला दाद देईनासा होतो आणि ग्लुटामेटची बाजू भक्कम करतो. ब्रेक कायम दाबलेला आहे असे धरून ॲक्सिलरेटरवर पाय रोवून ट्रक चालवावा, तशी ही स्थिती असते. अशा वेळी ब्रेक एकाएकी सुटला तर काय होईल, हे तीस वर्षे सावद्याहून दिल्लीला केळी पोहोचवणाऱ्याला मी काय सांगावे? शेवटच्या घोटानंतर सहा-बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. गेल्या पोळ्याला तू दोन दिवस कोरडा राहिलास आणि तुझे अंग कापत होते, ते अशक्तपणामुळे नव्हते.

गोळ्यांचे गणित वेगळे आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे झोप आणणारे रसायन साठत जाते व डोळे जडावतात. चहा-कॉफीतले कॅफीन त्याची जागा अडवून बसते, पण साठा वाढतच राहतो. तुझ्या ड्रायव्हर मंडळींच्या गोळ्या त्याहून जबर असतात. त्या डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन ही चेतवणारी रसायने एकदम बाहेर ढकलतात, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि भूक मारतात. त्या सोडल्यावर तू दोन-चार दिवस नुसता झोपशील, पुढे काही आठवडे कशातच गोडी वाटणार नाही. मन फारच खचले तर लगेच मला कळव. एरवी या सुटकेत दारूसारखा फिटचा धोका नसतो. (चुना मळलेल्या तंबाखूचेही हेच कूळ, चुन्यामुळे निकोटिन मोकळे होऊन लवकर भिनते. त्याविषयी नंतर भांडू.)

खरा घात दोन्ही एकत्र घेण्यात आहे. गोळीमुळे पेंग जाते, नशा जात नाही. अंदाज चुकतो तो चुकतोच, फक्त माणसाला आपण शुद्धीवर आहोत असे वाटते आणि तो आणखी पितो. एका क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि यकृत तासाला आठ-दहा ग्रॅमच्या आसपास निकाल लावते. म्हणजे रात्री अकराला संपवलेली क्वार्टर पहाटे पाचलाही अंगात असू शकते, आणि कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम इतकीच आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे कोणी अशक्त दिसला की 'सलाईन लावा' हा पहिला आग्रह असतो. नित्य पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक प्रकार, फार कमी उरलेला असतो. त्याला थायमिन न देता सलाईनमधून ग्लुकोज चढवले तर डोळे फिरणे, चाल अडखळणे आणि गोंधळणे असा जो विकार कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिला, तो उमटू शकतो. पुढे आठवणी कायमच्या पुसल्या जातात आणि रिकाम्या जागी माणूस कल्पित गोष्टी सांगू लागतो. म्हणून कोणीही सलाईन लावू लागला तर आधी थायमिनचे इंजेक्शन माग.

शपथ मोडू नकोस, फक्त तिची जागा बदल. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे ये आणि पाच-सहा दिवस राहण्याच्या तयारीने ये. डायझेपामसारखे औषध गाबाच्याच वाटेने काम करते. ते भरपूर सुरू करून रोज थोडे थोडे उतरवता येते, आणि नाडी-रक्तदाब पाहायला माणूस जवळ असतो. तोवर रोजच्यापेक्षा जास्त पिऊ नकोस, उपाशी पिऊ नकोस आणि स्टिअरिंगला हात लावू नकोस. मधल्या काळात फिट आली किंवा तू भलतेच बोलू लागलास, तर रात्र असली तरी वहिनींनी तुला सरळ जळगावच्या सरकारी रुग्णालयात न्यावे; हे त्यांना हे पत्र दाखवूनच सांग.

पुरणपोळी इथेच खाऊ. हिने आंबे आत्तापासूनच अढीत घातले आहेत.

तुझा,
मधुकर