पंचेचाळिशीनंतरचं डाएट आणि कढईत उरलेली भाजी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या महिलांच्या पुरवणीत चाळिशीनंतरच्या वजनावर जे पान होतं ते वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. रात्रीचं जेवण सोडा, भात बंद करा, पोळी एकच खा, सगळं सोडायचंच लिहिलेलं, आणि त्याच पानावर खाली १५ दिवसात पोटाचा घेर घटवणाऱ्या पावडरची जाहिरात. खरं सांगायचं तर राग आला, कारण हे सगळं सोडून बघितलेली आणि ती पावडर पण घेतलेली बाई आहे मी.

वय ५१, कराडला राहते, एका पतसंस्थेत कॅशला बसते. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर आहे, त्यावर दुधाचा हिशोब, सिलेंडर कधी लावला ती तारीख आणि माझ्या पाळीचं एक बारीक टिंब, ही सवय लग्न झाल्यापासूनची. सत्तेचाळिशीपासून ती टिंबं लांब लांब पडायला लागली, कधी वीस दिवसांनी कधी तीन महिन्यांनी, आणि शेवटचं टिंब दोन वर्षांपूर्वी गणपतीत पडलं ते पडलंच. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे साधारण ४६-४७ ला हे होतं, पाश्चात्य देशात ५१ च्या आसपास, म्हणजे मला काही वेगळं झालं नव्हतं. पण सांगितलं कोणी नव्हतं.

या चार वर्षात वजन ६१ चं ६८ झालं. काट्यावर नंतर बघितलं, आधी कळलं ते परकराच्या नाडीवरून. गाठ मारल्यावर हातभर नाडी लोंबायची ती चार बोटं उरायला लागली, आणि गंमत म्हणजे ब्लाऊज दंडात सैल आणि पोटाला साडी घट्ट. आमचे हे म्हणायचे "अगं तू तर काहीच खात नाहीस मग वाढतंय कसं", मी पण हेच म्हणायचे सगळ्यांना, आणि मला ते खरंच वाटायचं.

मग जे सगळ्या करतात तेच मी केलं. रात्रीचं जेवण बंद, सोमवार होताच त्यात गुरुवार आणि चतुर्थी धरली, एकादशी तर असतेच. उपवासाला साबुदाण्याची खिचडी नाहीतर बटाट्याचा कीस. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रोटीन जवळपास शून्य, हे मला कुठं माहीत होतं. वर एका डाएटवालीकडून २८०० रुपयांचा शेकचा डबा घेतला, दोन महिन्यात चार किलो उतरले, ऑफिसमध्ये सगळ्या "किती बारीक झालीस गं" म्हणायला लागल्या. आणि त्याच महिन्यात पतसंस्थेचे दोन जिने चढताना मांड्या थरथरायला लागल्या, कठड्याला धरल्याशिवाय वरच जाता येईना. केस विंचरले की फणीत पुंजका. पुढच्या तीन महिन्यात चारचे पाच किलो परत आले, ६९ झाले.

शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासायला लावलं, कारण थायरॉईड कमी असलं तरी वजन वाढतं, थकवा येतो, आणि आपण सगळं मेनोपॉजवर ढकलून मोकळे होतो. माझं थायरॉईड ठीक निघालं, डी अगदीच कमी. मग त्यांनी जे समजावलं ते मी इथे माझ्या भाषेत लिहिते. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, कमी झालं की चरबी साठायची जागा बदलते, आधी मांड्या आणि कुल्ह्यांवर जायची ती आता पोटात, आतड्यांभोवती बसते, आणि हीच चरबी शुगर आणि हार्टला वाईट. एकूण वजन वाढण्यात वयाचा हात जास्त असतो, कारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू ३ ते ८ टक्के घटत जातात आणि स्नायू घटले की बसल्या जागी जाळली जाणारी एनर्जी पण घटते. आता अशात उपाशी राहिलं तर चरबीबरोबर हे उरलेसुरले स्नायू पण जातात, आणि वजन परत येतं तेव्हा येते ती मुख्यतः चरबी. माझ्या मांड्या का थरथरत होत्या ते मला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. टेप घेऊन त्यांनी कंबर मोजली, ९४ सेंटीमीटर. आपल्या बायकांसाठी ८० च्या वर गेली की धोका धरतात, त्या म्हणाल्या रोज काटा बघू नका, महिन्यातून एकदा टेप बघा.

मग म्हणाल्या आठ दिवस काय खाता ते लिहून आणा, आणि ताटातलंच नाही, उभ्याने खाता ते पण.

संपादक साहेब, हे मी कॅलेंडरवर दुधाच्या आकड्याशेजारी लिहिलं आणि मलाच विश्वास बसेना. सकाळी मुलाच्या डब्यातून उरलेलं पोह्यांचं बूड. दुपारी ऑफिसमध्ये मैत्रिणीच्या डब्यातला लाडू, तो सोडा. रात्री साडेनऊला सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी उभं राहून अर्धी पोळी कढईत फिरवायची, कडेचं तेल मसाला सगळं पुसून घ्यायचं, टोपातला दोन घास भात, वाटीत कोणीतरी टाकलेली कोशिंबीर, नातवंडं आली असली की त्यांची अर्धी बिस्किटं. टाकायचं कशाला म्हणून. आणि दिवसाचे चार कप चहा, दोन दोन चमचे साखरेचे, म्हणजे आठ चमचे, नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी. रात्रीचं जेवण मी बंद केलं होतं ते ताटातलं, ओट्यावरचं चालूच होतं. मी खोटं बोलत नव्हते हो, मला ते खाणं वाटतच नव्हतं, ते आवरणं वाटायचं.

दुसरी गोष्ट त्याच आठ दिवसात दिसली ती जास्त वाईट. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, म्हणजे मला ५६-५७ ग्रॅम. माझं भरलं तीसच्या आसपास. कारण उघड आहे, आमटी वाढताना डाळ यांच्या आणि मुलाच्या वाटीत जाते आणि माझ्या वाटीला वरचं पाणी, अंडी दोन उकडली तर दोघांची, दही संपलं की मी ताक, आणि ते पण पाणी घालून वाढवलेलं. कोणी मला नाही म्हणालं नव्हतं, वाढणारी मीच होते. तर अशा बाईला तुमचं पान सांगतं अजून कमी खा. ती कमीच खातीये, पण जे लागतं तेच कमी खातीये.

आता काय करते ते लिहिते, मी काही डाएटिशियन नाही, पण बाईंनी सांगितलेलं आणि आमच्या घरात जमलेलं एवढंच. वेगळा स्वयंपाक काही नाही. स्वयंपाक झाला की सगळ्यात आधी माझी वाटी भरते, डाळ घट्ट, तळातली. मटकी, मूग, हुलगे, चवळी यातलं एक रोज मोड आणून, उसळीची मोठी वाटी, रस्सा कमी. सकाळी दोन अंडी, जी अंडी खात नाही तिने मुगाचं धिरडं नाहीतर पनीर खावं. ज्वारीची एक भाकरी दुपारी, एक रात्री, भात सोडला नाही, वाटीभर खाते कारण भात सोडला की मला चार दिवसांनी गोडाचं वेड लागतं. संध्याकाळी फरसाण होतं तिथं आता मूठभर फुटाणे, शेंगदाणे पण चालतात पण मोजून, त्यात प्रोटीन असलं तरी निम्मं तेल असतं. हाडांसाठी कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलीग्रॅम लागतं, नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं म्हणून आठवड्यातून तीन वेळा नाचणीची भाकरी, बाकी दूध दही ताक आणि दारातल्या शेवग्याचा पाला. घरात तेलाचा डबा किती दिवस गेला ती तारीख पण आता कॅलेंडरवर असते, पाच लिटर २२ दिवसात संपायचं ते ३५ दिवस जातं. (ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवू नये, आधी डॉक्टरांना विचारा.)

आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसते. हे लिहायला एक ओळ लागली, घरात करायला दोन महिने लागले. गरम पोळी कोण वाढणार हा प्रश्न होता, तर आता पोळ्या आधी करून डब्यात. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये, सकाळी त्याच्या फोडणीच्या पोळीसाठी घरातले रांगेत.

व्यायामाचं पण लिहायला पाहिजे, कारण नुसतं चालून माझं काही झालं नव्हतं. आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे आहेच, पण त्याबरोबर आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी करायला जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जिमला जायला मला लाज वाटली, मी घरीच डायनिंगच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा दहाचे तीन. दोन लिटरच्या बाटल्या पाण्याने भरून त्या उचलायच्या. पहिल्या दिवशी सातव्याला टेबल धरलं. आता पंधरा होतात आणि जिना न धरता चढते.

झोपेबद्दल कोणीच लिहीत नाही. रात्री दोनदा तीनदा अंगातून वाफा निघतात, ब्लाऊज भिजतो, फॅन पाचवर आणि मी उठून बसलेली, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि ती पण गोडाचीच. असं एकदा रात्री अडीचला गच्चीच्या पायरीवर बसले होते तर सासूबाई उठून आल्या. मला वाटलं ओरडतील. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "माझी पाळी बेचाळीसला गेली. उन्हाळ्यात पडवीतली फरशी वल्ली करून त्यावर पडायची मी. तुझ्या सासऱ्यास्नी वाटायचं हिला भुताटकी झाली." चाळीस वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या लग्नानंतर त्या रात्री पहिल्यांदा आम्ही दोघी एवढ्या वेळ बोललो. वाफांवर औषधं आहेत, हार्मोनची पण आहेत, सगळ्यांना चालत नाहीत पण विचारायला तर पाहिजे. आणि एक, वर्षभर बंद झाल्यावर परत डाग जरी दिसला तरी थांबू नका, लगेच दाखवा.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लांबलं ते. आमच्या भागात ऊसतोडीच्या सीझनला बीडकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात. त्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं, सरकारने समिती नेमली, पाहणीत ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. पिशवीबरोबर अंडाशय पण काढलं असेल तर मेनोपॉज हळूहळू येत नाही, दुसऱ्या दिवशीच येतो, तिशी पस्तिशीत, आणि हाडं तेव्हापासूनच झिजायला लागतात. मागच्या डिसेंबरात पतसंस्थेसमोर मोळी डोक्यावर घेतलेली एकजण पाणी प्यायला थांबली होती, वय विचारलं तर छत्तीस म्हणाली, पाच वर्षांपूर्वी पिशवी काढली, गुडघे पाठ सगळं जातं म्हणाली. फडक्यात दोन भाकरी आणि लसणाची चटणी. तिला तुमच्या पानावरचा सल्ला कसा लागू होणार. तिला डाळ पाहिजे, अंडं पाहिजे, कॅल्शियमची गोळी पाहिजे. ती पण बाईच आहे आणि मराठीच वाचते, वाचता येत असेल तर.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पुरवणीत यापुढे या वयाच्या खाण्यावर लिहाल तेव्हा काय सोडायचं याआधी वाटीत काय घालायचं ते लिहा, भाकरी उसळ आमटीच्या भाषेत लिहा, ॲव्होकॅडो आणि किन्वा कराडच्या मंडईत मला अजून दिसलेला नाही. आणि १५ दिवसात पोट घटवणाऱ्या जाहिराती निदान त्या पानावर तरी घेऊ नका. ते वाचून कोणीतरी बाई आज रात्रीपासून ताट बाजूला सारणार आहे.

सात महिने झाले, वजन ६९ चं साडेपासष्ट, कंबर ९४ ची ८८. ऐंशी अजून लांब आहे. व्हिटॅमिन डी परत तपासायचंय पुढच्या महिन्यात, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये.

आपली नियमित वाचक,
कराड

(नाव छापू नये, काउंटरवर रोज शंभर लोक येतात. सासूबाईंना मात्र पत्र वाचून दाखवलंय, त्यांचं लिहिलेलं चालेल म्हणाल्या.)