ठासणीचे पहिले पिस्तूल : नक्षी नको, नळी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठासणीच्या, म्हणजे दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या, पिस्तुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आजही होतात. अंतर २५ मीटर, ३० मिनिटांत १३ बार, त्यांतले सर्वोत्तम १० धरायचे. ब्रिटनमध्ये १९९७ च्या पिस्तूलबंदीतून ही पिस्तुले वगळली गेली आणि ती परवान्यावर मिळत राहिली. तिकडचे मराठी वाचक या खेळाकडे वळणार असतील, तर त्यांच्यासाठी हे पत्र.

नवखा माणूस हमखास चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने बार उडणाऱ्या) नक्षीदार प्रतिकृतीला भुलतो. ती पहिली घेऊ नये. चाप ओढल्यापासून रंजक (ठिणगीने आधी पेटणारी चिमूटभर दारू) पेटून बार उडेपर्यंत क्षणभर जातो आणि तेवढ्यात हात हलतो. सहाबारी रिव्हॉल्वरही आधी नको. फुटक्या टोपीचे (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीचे) तुकडे यंत्रात अडकतात, शिवाय एका कप्प्याची आग शेजारी जाऊ नये म्हणून प्रत्येक गोळीवर ग्रीस भरावे लागते. एकबारी, टोपीचे, आटे (आतून पीळदार खाचा) पाडलेल्या नळीचे, .४४ किंवा .४५ बोअरचे (नळीचा आतला व्यास, इंचांत) पिस्तूल घ्यावे. इटलीत गार्दोनेला अशा उत्तम प्रतिकृती बनतात.

वापरलेले घेताना नळीत उजेड टाकून बुडाशी पाहावे, गंजाचे खड्डे तिथेच पडतात. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घोडा अर्ध्यावर चढवावा आणि चाप दाबावा. घोडा सुटला तर सौदा सोडावा. निपलचे (टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळीचे) भोक रुंदावले असेल तर काळजी नको, निपल बदलता येते.

.४५ च्या नळीला साधारण .४४० इंची मऊ शिशाची गोळी आणि वंगण लावलेली कापडी चकती लागते. दारू २० ग्रेनच्या (१.३ ग्रॅम) आसपास, पण निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेतच. ती मापात घेऊन ओतावी. डब्यातून थेट नळीत ओतली आणि आत निखारा उरला असेल, तर हातातला डबाच उडेल. दारू काळीच हवी, बिनधुराच्या दारूने नळी फाटते. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. म्हणून गोळी पूर्ण टेकल्याची खूण ठासायच्या गजावर करून ठेवावी. टोपी सर्वांत शेवटी, नळी लक्ष्याकडे असताना. बार उडाला नाही तर निदान मिनिटभर नळी तशीच रोखून धरावी.

पिस्तूल त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवावे. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, रात्रीत गंज चढतो.

भारतातील वाचकांनी मात्र ‘प्रतिकृती’ या शब्दावर विसंबू नये. बार उडवणारे ठासणीचे पिस्तूल बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतोच.

आपला,
एक नेमबाज वाचक