पोलिसांची गाडी फाटकात येण्याआधी : पालक-शिक्षक संघाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

शाळेत पोलिसांना बोलवावे लागले की ती बातमी शाळा सुटण्याआधीच घरोघरी पोचते. कोणाच्या दप्तरात चाकू सापडतो, मधल्या सुट्टीतल्या मारामारीत कोणी कर्कटक उगारतो, कधी बाहेरची टोळकी फाटकावर एखाद्याची वाट बघत उभी राहतात. दोन-चार दिवस चर्चा होते, मग परीक्षा येतात आणि मोठी माणसे विसरून जातात. ज्या मुलांच्या डोळ्यांदेखत हे घडले, ती विसरत नाहीत. त्यांच्यासाठी संघाने एक काम हाती घेतले आहे : शाळेत एक समुपदेशक नेमणे आणि मदतीला स्वयंसेवक उभे करणे. ते आमच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज नको. पोलिसांना बोलावूच नका, असे आमचे म्हणणे नाही. शस्त्र दिसले, कोणाला इजा झाली, कोणी जिवे मारण्याची धमकी दिली तर फोन झालाच पाहिजे. शाळेची अब्रू जाईल म्हणून तो टाळणाऱ्यांना आम्ही पाठीशी घालणार नाही. पण बाक मोडला, शिक्षकांना उलट उत्तर दिले, वर्गाबाहेर जायला नकार दिला, एवढ्यावरून पोलिसांना वर्दी देणे म्हणजे शाळेने स्वतःचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणे आहे.

गाडी आवारात शिरली की काय होते, ते पाहिलेल्यांना सांगायला नको. सगळे वर्ग खिडक्यांशी गोळा होतात. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दप्तर रिकामे केले जाते : वह्या, चघळलेली पेन्सिल, डब्याचे झाकण आणि रुमालात गुंडाळलेले पाते. ‘कशाला आणलेस?’ या प्रश्नाला बहुतेकदा एकच उत्तर येते, ‘ते मला मारणार होते.’ भीतीपोटी आणलेले हत्यार झटापटीत आणणाऱ्यावरच उलटू शकते, हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते. त्यानंतर त्या मुलाला पटांगणातून सगळ्यांदेखत नेले जाते आणि मराठीचा तास पुढे सुरू होतो. ज्याच्यावर हत्यार उगारले गेले तो दुसऱ्या दिवशी शाळेत आला का, त्याला झोप लागली का, हे विचारणे कोणाच्याच कामात बसत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाचे काम करणारी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खाते यांनी मिळून शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. २००२ साली त्याचा अहवाल आला. हे हल्ले सहसा रागाच्या भरात अचानक झालेले नव्हते. ३७ पैकी ३० प्रकरणांत हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे, याची निदान एका माणसाला आधीपासून कल्पना होती, आणि त्या ३०पैकी २८ प्रकरणांत तो माणूस म्हणजे मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होते. निम्म्याहून अधिक हल्ले पोलीस पोचण्यापूर्वीच संपले होते. तिथली हत्यारे बंदुका होती, तरी मुलांचे वागणे कुठेही फार वेगळे नसते. कोणाला तरी माहीत असते. फक्त ते सांगायचे कोणाला, हे माहीत नसते, आणि चुगलखोर ठरण्याची भीती असतेच. अमेरिकेतल्याच कोलंबाइन शाळेतल्या १९९९च्या हत्याकांडानंतर तिथल्या कोलोराडो राज्यात नाव न सांगता खबर देण्याची सोय झाली, ती याच कारणासाठी.

कॅमेरे बसवा, दारात धातुशोधक यंत्र लावा, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यांची कळकळ खरी आहे, पण त्यासाठी आम्ही निधी मागत नाही. आम्हाला हवा आहे एक प्रशिक्षित समुपदेशक. शाळा भरलेली असेल तोवर शाळेतच बसणारा, शिकवण्याची किंवा शिक्षेची जबाबदारी नसलेला. मुलांना त्याच्याकडे तक्रार घेऊनच जावे लागू नये, नुसते बसायलाही जाता यावे. त्याचे मानधन हा आमचा सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो दरमहा येणारा आहे. त्यामुळे एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा थोडी पण नियमित देणगी दिलीत तर ती अधिक उपयोगी पडेल.

त्याच्यासाठी दार बंद करता येईल अशी एक खोली शाळेने देऊ केली आहे. ती रंगवायची आहे, पंखा दुरुस्त करायचा आहे, चार साध्या खुर्च्या आणि कुलपाचे कपाट लागेल.

पैशांइतकीच माणसे हवीत. शाळा भरताना आणि सुटताना फाटकाजवळ उभे राहतील असे शांत स्वभावाचे पालक, शक्यतो आयांबरोबर वडीलही. पोलीस आले तर मुलाजवळ बसून राहील आणि पालक येईपर्यंत त्याला एकटे पडू देणार नाही अशी व्यक्ती. निवृत्त परिचारिका, वकील, निवृत्त पोलीस यांचे विशेष स्वागत आहे. बाल हक्कांच्या १९८९च्या संयुक्त राष्ट्र करारात मुलाला अटक करणे हा शेवटचा उपाय मानला आहे आणि ती कमीत कमी काळासाठीच असावी, असे म्हटले आहे. प्रत्यक्ष प्रसंगी हे पटवून देऊ शकेल असा माणूस जवळ असला की बराच फरक पडतो. (व्यासपीठावरून भाषण करू इच्छिणाऱ्यांची मात्र आमच्याकडे टंचाई नाही.) स्वयंसेवकांची पडताळणी होईल, थोडे प्रशिक्षणही होईल. त्यात कोणी कमीपणा मानू नये, पदाधिकाऱ्यांचीही होणार आहे.

आणखी एक नोंदवही ठेवायची आहे. पोलिसांना कधी, कोणी आणि कशासाठी बोलावले, पालकांना केव्हा कळवले, नंतर दोन्ही बाजूंच्या मुलांचे काय झाले. ती मुख्याध्यापक आणि संघाचे दोन प्रतिनिधी यांच्याच हाती राहील. मुलांची नावे किंवा छायाचित्रे देणगीदारांनाच काय, कोणालाही मिळणार नाहीत. आपला पैसा कोणत्या मुलासाठी वापरला, असे कृपया विचारू नये. जमाखर्च मात्र दर महिन्याला सूचना फलकावर लागेल आणि त्यावर कोणीही प्रश्न विचारू शकेल.

देणगी संघाच्या कार्यालयात शाळेच्या वेळेत स्वीकारली जाईल. वस्तू द्यायची असल्यास आधी विचारून आणावी, जुन्या खुर्च्या ठेवायला जागा नाही. स्वयंसेवकांसाठीचे अर्ज तिथेच मिळतील. रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपला,
पालक-शिक्षक संघ